सी हॉक : विक्रांतवर उतरलेलं पहिलं जेट

भारतीय नौदलाने विमानवाहू युद्धनौकेवरून चालवलेलं पहिलं जेट म्हणजे ब्रिटिश बनावटीचं हॉकर सी हॉक. मूळचं हे लढाऊ विमान. पण नाव झालं ते बंदरं आणि जहाजांवर हल्ला करणारं हलकं विमान म्हणून.

रचना

सी हॉकच्या पहिल्या नमुन्याने २ सप्टेंबर १९४७ रोजी उड्डाण केलं. एका माणसाचं, एका रोल्स-रॉइस नीन इंजिनाचं हे विमान. इंजिनाचा झोत शेपटीतून न जाता दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. त्यामुळे मागच्या भागात इंधनाला जागा मिळाली. नाकाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि जहाजावर जागा वाचावी म्हणून वर दुमडणारे पंख.

प्रकार

एफ १ आणि एफ २ ही निव्वळ लढाऊ विमानं होती. एफबी ३ मध्ये पंख मजबूत करून बॉम्ब नेण्याची सोय केली. एफजीए ४ खास जमिनीवरच्या हल्ल्यासाठी. या दोघांना जास्त ताकदीचं इंजिन बसवलं, तेव्हा एफबी ५ आणि एफजीए ६ तयार झाले. नेदरलँड्ससाठी मार्क ५०, तर पश्चिम जर्मनीसाठी मार्क १०० आणि १०१.

भारतात

ब्रिटनने १९६० मध्ये सी हॉक आघाडीवरून काढलं. त्याच वर्षी जुलैत भारताची ३०० क्रमांकाची 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रन ब्रिटनमध्येच उभी राहिली. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम तहिलियानी यांनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं; हेच पुढे नौदलप्रमुख झाले. नंतर जर्मनीची वापरलेली २८ विमानंही घेतली. म्हणजे आपल्या ताफ्यात काही नवी, काही दुसऱ्यांची जुनी, असं मिश्रण होतं.

१९७१

युद्धाच्या वेळी विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. गती कमी, आणि विमान फेकणाऱ्या कॅटापुल्टलाही वाफच लागते. तरी ४ डिसेंबरला सी हॉक उडाली आणि कॉक्स बाजार, चितगाववर तुटून पडली. पुढे खुलना, मोंगला भागातही हल्ले झाले. एकही सी हॉक गमवावं लागलं नाही. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं.

वारसा

१९८३ च्या डिसेंबरात सी हॅरियर दाबोळीला आलं आणि सी हॉकचा काळ संपला. स्क्वाड्रन मात्र तीच राहिली. मे २०१६ मध्ये सी हॅरियर गेलं, तेव्हा ३०० क्रमांक मिग-२९ के कडे आला. विमानं बदलली, पण हलत्या डेकवर जेट उतरवण्याचं शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे जात राहिलं.

जुनी विक्रांत मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. ज्या डेकवरून सी हॉक उडाली, तो आता पाहायला मिळणार नाही. विमान मात्र अजून पाहता येतं.

कुठे पाहाल?

गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात. भोपाळच्या मराठी मंडळींना गोवा एक्सप्रेस सोयीची: भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव करत ती थेट वास्कोला पोचते. तिथून संग्रहालय जवळच आहे.