कुंचला घडविणारे आणि कुंचला धरणारे

चंद्रपूर-गडचिरोलीकडील आठवडी बाजारात बुरडापाशी सूप घ्यावयास आलेली बाई ते पाहताक्षणीच पदरात घेत नाही. ती ते उलटे करते, काठावरून बोट फिरविते, वीण उजेडासमोर धरते आणि मागच्या सुपाचा काठ दुसऱ्याच पावसाळ्यात सुटला, हे बुरडाला ऐकविल्यावाचून राहत नाही. बुरूड कधी हुज्जत घालतो, कधी मुकाट्याने ऐकून घेतो. परंतु बांबू कोणी तासला आणि काठ कोणी बांधला हे दोघांसही ठाऊक असल्यामुळे तक्रार योग्य त्या कानी पडते. चित्रकलेच्या साधनांचेही पूर्वी बरेचसे असेच होते. आपल्याकडील लघुचित्रे काढणारे कारागीर खारीच्या शेपटीचे केस निवडून कुंचला स्वतः बांधीत आणि रंग घरी खलीत. कुंचला नीट चालला नाही तर दोष देण्यास दुसरे माणूसच नसे. पुढे रंग नळ्यांतून व कुंचले दुकानांतून येऊ लागले, तेव्हा हा संबंध विरळ झाला. आणि संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढण्याचे दिवस आले तेव्हा तर तो जवळजवळ तुटलाच.

तो तुटला कसा, हे समजण्यास थोडी माहिती हवी. संगणकाकडून चित्र काढवून घेणारी जी आज्ञावली, म्हणजे ज्याला आता सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, ती प्रथम माणसाला वाचता येईल अशा मजकुरात लिहिलेली असते. गिऱ्हाइकाला देताना मात्र हा मूळ मजकूर न देता त्याचे केवळ यंत्राला उमजणारे रूप देण्याची चाल पडली. कुंचला हाती आहे, पण तो उकलून पाहण्यास मनाई आहे, असा हा प्रकार होय. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन याने जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत पूर्वी अशी सोय केली होती की, यंत्र अडले म्हणजे काम पाठविणाऱ्यास तशी वर्दी मिळे. नव्या यंत्राचा मूळ मजकूर मात्र त्याला मिळेना. ज्याच्यापाशी तो होता, त्या दुसऱ्या विद्यापीठातील गृहस्थाने आपण न देण्याचे वचन दिले आहे, असे सांगून त्याची बोळवण केली. अडकलेल्या कागदाची ही तक्रार किती क्षुल्लक! पण १९८३ मध्ये स्टॉलमनने जी ‘ग्नू’ नावाची चळवळ पुकारली, तिच्या मुळाशी हा अनुभव होता. आज्ञावली कोणीही वापरावी, तिचा मजकूर वाचावा, तो बदलावा आणि बदललेला दुसऱ्यास द्यावा, हा तिचा बाणा.

१९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि छायाचित्रे व चित्रे संस्कारित करण्याच्या धंद्यात त्याचे वर्चस्व झाले. मुक्त गोटातून त्याला पहिले उत्तर दिले ते बर्कली येथील दोघा विद्यार्थ्यांनी. स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये आरंभिलेली ‘गिम्प’ ही आज्ञावली १९९६ मध्ये लोकांच्या हाती पडली. तिच्यापासूनच, काहीशा भांडणातून, दुसरी जन्मली. १९९८ मध्ये जर्मनीत भरलेल्या एका परिषदेत माथियास एट्रिख याने गिम्पला आपल्या पसंतीचा नवा चेहरा जोडून दाखविला. त्यामुळे गिम्पच्या मंडळींत बरीच खळबळ उडाली. दोन्ही पक्षांचे जमले नाही, आणि १९९९ च्या मे महिन्यात एट्रिखच्या बाजूच्या मंडळींनी स्वतंत्र चित्र-आज्ञावलीचा संकल्प सोडला. दोनदा नाव बदलून २००२ मध्ये ती ‘क्रिता’ झाली. स्वीडिश भाषेत हा शब्द खडू या अर्थाचा आहे. महाभारताशी परिचय असलेल्या वाचकाला मात्र द्यूतातील सर्वांत उत्तम दान जे ‘कृत’ ते आठवल्यावाचून राहणार नाही. खुद्द क्रिताच्या कर्त्यांनीही आपल्या इतिहासात महाभारताचा हा धागा नोंदविला आहे. पुढे या आज्ञावलीचे चिन्ह म्हणून खारीचे चित्र स्वीकारले गेले. आपल्या जुन्या चित्रकारांच्या कुंचल्याची आठवण ठेवून ते केले असावे असे मात्र नाही. योगायोग म्हणून तो गोड आहे इतकेच.

आरंभीची काही वर्षे क्रिताची गती गोगलगायीची होती. २००३ पासून हॉलंडमधील बाउडेवाइन रेम्प्ट हा गृहस्थ तीत पडला. त्याला एक नकाशा रेखाटायचा होता, दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक करणारी लेखणी त्याच्या हाती आली होती, आणि मनासारखे साधन मिळत नव्हते. म्हणजे साधन घडविणारा येथे प्रथम साधनाचा गिऱ्हाईकच होता. परंतु एक गिऱ्हाईक कारागीर झाला म्हणून बाकीच्या हजारोंची दाद लागत नाही. कोणाला छायाचित्रे दुरुस्त करायची होती, कोणाला जाहिराती जुळवायच्या होत्या, कोणाला निखळ चित्रे रंगवायची होती. प्रत्येकाची मागणी आपल्या जागी रास्त होती. साऱ्या पुऱ्या करू पाहता एकही धड होईना. साधन सर्वांच्या मालकीचे आहे, तर मग कोणाचे ऐकावयाचे?

सामायिक मालमत्तेचा हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या लहान गावाने तो आपल्या जंगलापुरता फार पूर्वीच सोडवावयास घेतला. त्या गावाची ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही. सर्वांची सहमती होईपर्यंत विषय पुन्हा पुन्हा काढला जातो, आणि निर्णयाच्या आधी अभ्यासगटात त्याची चर्चा होते. या रीतीने चालणाऱ्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही त्याच्या हाती आला. हे होऊ शकले याचे एक कारण उघड आहे. जो बोलतो तो कोण, त्याचे घर कोणते, जंगलात तो काय आणावयास जातो, हे तेथे प्रत्येकास ठाऊक असते. क्रिताच्या कर्त्यांपुढे मात्र पृथ्वीच्या पाठीवर विखुरलेली, एकमेकांस न ओळखणारी माणसे होती. तेथे सहमतीची वाट पाहणे म्हणजे कधीच काही न करणे.

त्यांनी दुसरा मार्ग धरला. पीटर सिकिंग नावाच्या तज्ज्ञाच्या साहाय्याने २००९ च्या सुमारास त्यांनी आपले उद्दिष्ट एका वाक्यात बांधून टाकले. त्याचा आशय असा की, क्रिता ही कोऱ्या पृष्ठापासून चित्र काढणाऱ्यांसाठी, त्यातही मुरलेल्या चित्रकारांसाठी आहे. छायाचित्रे सुधारण्यासाठी नाही. या एका वाक्याने तक्रारींचा ढीग निम्मा हलका झाला असेल. छायाचित्रकाराची सूचना कितीही शहाणपणाची असली तरी ती आता बाजूला ठेवता येत होती, आणि कुंचला लेखणीच्या मागून रेंगाळत येतो ही चित्रकाराची कुरकुर एकदम पहिल्या पाटावर आली. ती दूर करण्यासाठी लोकांनी वर्गणी गोळा करून लुकाश त्वर्दी या स्लोव्हाक विद्यार्थ्यास कित्येक महिने पूर्णवेळ कामाला लावले. कर्त्यांच्या मेळाव्यांना चित्रकारांना बोलावणे होऊ लागले. चित्रकार काम करीत असता त्याच्या पाठीशी उभे राहून पाहिले म्हणजे जे कळते, ते त्याने लिहून पाठविलेल्या पानभर तक्रारीतून कळत नाही. तो कोठे थबकतो, कोणती गोष्ट शोधीत त्याचा हात भटकतो, हे त्याचे त्यालाही उमगलेले नसते. फ्रान्समधील डेव्हिड रेव्हॉय यांच्यासारखे कसलेले चित्रकार या काळात क्रिताकडे वळले. २०१४ पासून त्यांनी काढलेली ‘पेपर अँड कॅरट’ ही चित्रकथा या आज्ञावलीची चालती-बोलती परीक्षाच ठरली.

यात पैशाचा प्रश्न होताच. क्रिता फुकट मिळते. पण ती लिहिणाऱ्यास जेवावे लागते. २०१३ मध्ये फोटोशॉपच्या मालकांनी आज्ञावली एकदाच विकण्याऐवजी महिन्याच्या भाड्याने देण्याचे जाहीर केले, त्यामुळे पुष्कळ चित्रकार पर्याय शोधू लागले होते. २०१४ मध्ये जाहीर वर्गणीतून क्रितासाठी सुमारे २० हजार युरो जमले आणि पुढील दोन वर्षांत त्याहून अधिक. नव्या सोयींपैकी आधी कोणती करावी यावर वर्गणीदारांचे मत घेण्यात आले. ही रीत सोयीची खरी, पण तिच्यात एक खोट आहे. मत मागितले की लोक नवलाईच्या वस्तूकडे धावतात. जुना काठ घट्ट बांधा, असे मत कोणी देत नाही. ही गोष्ट कर्त्यांच्या ध्यानात आली असावी, कारण २०१८ मध्ये त्यांनी जी वर्गणी मागितली ती नव्या सोयींसाठी नव्हे, तर आहेत ते दोष निपटण्यासाठी. मधल्या काळात, २०१७ मध्ये, क्रिताच्या संस्थेकडे डच करखात्याची २४ हजार युरोंची मागणी येऊन थडकली होती. संस्थेचे दिवाळे निघणार असा रंग दिसला, तेव्हा जे आजवर तक्रारी लिहीत होते तेच पैसे पाठविते झाले. शिव्या देणारा गिऱ्हाईक हा पुष्कळदा सर्वांत निष्ठावंत असतो, ही गोष्ट दुकानदारांना ठाऊक असते; आज्ञावलीकारांना ती त्या वर्षी समजली.

नवी आवृत्ती निघाली म्हणजे चित्रकाराच्या हाताची जुनी सवय मोडते, आणि सर्वांत कडवट तक्रारी या सवयीच्याच असतात. याचे ठळक उदाहरण गिम्पचे आहे. ३ मे २०१२ रोजी तिची २.८ ही आवृत्ती आली. खिडक्यांचा पसारा एका चौकटीत आणण्याची फार दिवसांची मागणी तीत पुरी झाली होती. परंतु लोकांची दृष्टी गेली ती दुसऱ्याच गोष्टीकडे. पूर्वी चित्र कोणत्याही प्रकारच्या धारिकेत जतन करता येई. आता ‘जतन’ म्हणजे केवळ गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात, आणि इतर सर्व प्रकारांना ‘निर्यात’ असा निराळा हुकूम. कर्त्यांचा युक्तिवाद असा की, चित्राचे थर वेगवेगळे राहणे चित्रकारास आवश्यक असते; इतर बहुतेक प्रकारांत ते एकत्र चेपले जातात आणि बेसावध माणसाचे तासांचे श्रम वाया जातात. वापरणारे म्हणत, दिवसाला शंभर छायाचित्रांचे कोपरे कापणाऱ्याला थरांशी काय कर्तव्य? वर्षानुवर्षे ही तक्रार होत राहिली आणि कर्ते जागचे हलले नाहीत. तत्त्वतः त्यांचे बरोबर होते. पण ज्या माणसाला आपले काम आपण जाणतो असे वाटते, त्याला त्याच्या हिताची सक्ती केल्याने जी चीड येते, तिचा हिशेब त्यांनी केला नव्हता, असे म्हणणे भाग आहे.

क्रिताने अशाच एका प्रसंगी निराळे धोरण ठेवले. २३ डिसेंबर २०२१ रोजी निघालेल्या ५.० या आवृत्तीत ओले रंग एकमेकांत फासण्याच्या कुंचल्याचे अंतरंग नव्याने बांधण्यात आले. नवे गणित सरस होते. परंतु चित्रकारांनी वर्षानुवर्षे जपलेले कुंचले जुन्या गणितावर बसविलेले. तैलरंगात काम करणाऱ्याला कुंचल्याचा केस किती राठ, किती नरम हे बोटांनी कळते, तसाच या माणसांचा हात पडद्यावरच्या कुंचल्यात मुरलेला असतो. गणित बदलले की तो परका होतो. तेव्हा कर्त्यांनी कुंचल्याच्या मांडणीत एक लहानशी चौकट ठेवली: नवी रीत हवी असेल तर खूण करावी, नसेल तर जुनी चालू राहील. दोन रीती सांभाळण्याचे ओझे आज्ञावलीकाराने आपल्या शिरावर घेतले आणि चित्रकाराचा हात मोडू दिला नाही. अशा चौकटी फार झाल्या तर साधन अडगळीची खोली बनते हेही खरे. म्हणूनच कोठे हट्ट धरावा व कोठे चौकट ठेवावी, याचा निवाडा दर आवृत्तीला नव्याने करावा लागतो.

काही तक्रारी मात्र रास्त असतात, सर्वांना मान्य असतात आणि तरीही पडून राहतात. चित्रात अक्षरे लिहिण्याच्या सोयीचे तसे झाले. २०१८ च्या मार्चमध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत अक्षरांसाठी नवे साधन दिले गेले, पण चित्रकथा काढणाऱ्यांचे त्याने समाधान झाले नाही. संवादाच्या फुग्यात ओळ आपोआप वळावी, जपानीसारखी लिपी वरून खाली लिहिता यावी, अशा त्यांच्या अपेक्षा होत्या. त्या पुऱ्या करण्यासाठी अक्षरे मांडण्याचे सारे यंत्र पायापासून उभारावे लागले, आणि ते ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.२ या आवृत्तीत लोकांपुढे आले. मधल्या साडेपाच वर्षांत क्रितात रंगविलेली कित्येक चित्रे संवाद भरण्यासाठी दुसरीकडे नेली जात होती. खुद्द रेव्हॉय यांच्या चित्रकथेतील पात्रे क्रितात रंगविली जात, आणि त्यांच्या तोंडचे शब्द ‘इंकस्केप’ या दुसऱ्या मुक्त आज्ञावलीत बसविले जात. तेथूनच ठिकठिकाणचे स्वयंसेवक ते आपापल्या भाषेत उतरवीत.