बाजारहाटातील व्यवहारज्ञान (एटापल्ली)

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील आठवडी बाजारांत गिऱ्हाईक माल, माप आणि भाव कसे जोखते, यासंबंधीची नोंद. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. माडिया गोंडांची येथे मोठी वस्ती आहे. बाजारात घेणारा बहुधा आधी विकणारा असतो. मोहफुले, चारोळी किंवा कोंबडी विकली की मग मीठ, तेल, मिरची, सुकी मासळी.

मीठ-चारोळीचा सौदा सर्वांत बोलका. व्यापाऱ्याने मीठ द्यावे व त्याच मापाने चारोळी न्यावी, अशी अदलाबदल या जंगलपट्ट्यात दीर्घकाळ चालली. माप दोन्हीकडे एकच, म्हणून लबाडी नजरेस येत नसे. चारोळी शहरात सुक्या मेव्याच्या भावाने जाते, हे जंगलातून ती वेचून, वाळवून, कवच फोडून आणणाऱ्याला कळायला वाट नव्हती. मधे रोख पैसा आला की दोन्ही भाव सुटे होतात. म्हणून एका दुकानी विकावे, दुसऱ्या दुकानी घ्यावे, हे इथले पहिले व्यवहारज्ञान म्हटले पाहिजे. उधारी नेमकी तेच अडवते. आगाऊ सामान नेलेल्याचा माल त्याच दारी जातो.

पारख हाताने होते. मोहफुले मुठीत दाबली आणि गोळा झाला, तर ती ओली. वजनाला भारी, भावाला हलकी. व्यापारी हे तपासतो, तसे त्याची सुकी मासळी गिऱ्हाईकही दाबून, हुंगून पाहते. पावसाळ्यात नाले भरून वाटा तुटतात, म्हणून मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे हाती आले की मिठा-तेलाची बेगमी आधी, कापड नंतर.

ग्राहक संरक्षण कायदा (१९८६, नवा २०१९) विकत घेणाऱ्यापुरता आहे, चारोळी विकणारी बाई त्याच्या लेखी ग्राहक नव्हे. तिच्या कामाचा आहे तो २००९ चा वैधमापन कायदा: ठरल्यापेक्षा जास्त माल लबाडीने मोजून घेणे हाही त्यात गुन्हा आहे. याशिवाय तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने, १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गावबाजाराच्या व्यवस्थापनाचा अधिकार ग्रामसभा व योग्य स्तरावरील पंचायतींकडे असावा लागतो. काटा तपासायला लावणे हे त्या अधिकाराचे सर्वांत साधे, पण क्वचितच आठवले जाणारे काम होय.