बीज आणि भूमी: मेंदूच्या कर्करोगाची कहाणी

बी कितीही कसदार असले तरी खडकावर पडल्यास ते वाया जाते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. वैद्यकशास्त्राला मात्र कर्करोगाच्या बाबतीत हे साधे सत्य उमगावयास बराच काळ लागला, आणि उमगल्यानंतरही ते पचनी पडावयास त्याहून अधिक काळ लोटला. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक निबंध प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी त्याने पडताळून पाहिल्या होत्या. रोगाच्या पेशी रक्ताबरोबर वाहत जाऊन वाटेल तेथे रुजत असतील, तर यकृत आणि प्लीहा या दोन्ही ठिकाणी त्या सारख्याच आढळावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात यकृतात त्या वारंवार सापडत, प्लीहेत क्वचितच. यावरून पॅजेटने अनुमान काढले की, बी चोहोकडे उधळले जाते खरे, पण मानवेल अशी भूमी मिळाली तरच ते अंकुरते. बीजाचा अभ्यास चालला आहे तो चालू द्यावा, पण भूमीचे गुणधर्म न्याहाळणेही उपयोगाचे ठरेल, असे त्याचे सांगणे होते.

हा निबंध स्तनाच्या कर्करोगाविषयी होता. पण त्यातील विचाराची खरी कसोटी लागावयाची होती ती मेंदूत. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे मज्जेचा गोंद, असे नाव दिले होते. या जातीच्या पेशींशी नाते सांगणारी जी अर्बुदे, ती ग्लायोमा. आणि त्यांतील सर्वांत उग्र ती ग्लायोब्लास्टोमा. या रोगाची एक विलक्षण गोष्ट अशी की, मेंदूत तो वणव्यासारखा पसरतो, पण मेंदूबाहेर, फुफ्फुसात किंवा यकृतात, तो फार क्वचित आढळतो. जणू या बीजाला दुसरी कोणतीच भूमी मानवत नाही.

पॅजेटच्या निबंधापूर्वी पाच वर्षे, २५ नोव्हेंबर १८८४ रोजी, लंडनमधील अपस्मार व पक्षाघात यांच्या रुग्णालयात रिकमन गॉडली या शल्यविशारदाने पंचविशीतील एका शेतकऱ्याच्या मेंदूतून ग्लायोमाची गाठ बाहेर काढली. तोवर क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. रुग्णाच्या अंगाच्या एका बाजूस वारंवार येणारे झटके आणि हाताला आलेली दुर्बलता एवढ्याच खुणांवरून अलेक्झांडर ह्यूज बेनेट या वैद्याने गाठीची जागा ताडली होती, आणि गाठ नेमकी तेथेच निघाली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. परंतु जखमेत संसर्ग शिरून चार आठवड्यांनी रुग्ण मरण पावला. तरीही या घटनेने एक मोठी आशा जागविली. गाठ सापडते, ती काढता येते. मग उरले काय? जंतुसंसर्ग टाळला की झाले, असे पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही.

ही आशा फोल ठरली. गाठ काढावी आणि काही महिन्यांनी ती पुन्हा उभी राहावी, असा अनुभव पुढील पिढीला वारंवार आला. तेव्हा अमेरिकेत बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी याने एक धाडसी मार्ग पत्करला. ज्यांची डावी बाजू आधीच लुळी पडली होती, अशा काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा गोलार्धच्या गोलार्ध त्याने काढून टाकला. १९२८ साली त्याने या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अर्धा मेंदू गेल्यावरही माणसे बोलत होती, माणसांना ओळखत होती, हे आश्चर्यच होते. पण रोग त्याहूनही चिवट निघाला. तो उरलेल्या अर्ध्यातही पोचलेला असे. शल्यविशारदाचे हत्यार याहून पुढे जाणे शक्य नव्हते.

असे का होते, याचे उत्तर १९३८ साली हान्स योआखिम शेरर या जर्मन संशोधकाने दिले. नाझी राजवटीत देश सोडून तो बेल्जममधील अँटवर्प येथे काम करीत होता. केवळ गाठीचा तुकडा न पाहता सबंध मेंदूचे काप तपासताना त्याला दिसले की, रोगाच्या पेशी वाट फुटेल तिकडे धावत नाहीत. त्या रक्तवाहिन्यांच्या कडेने सरकतात, चेतातंतूंच्या जुड्यांतून मार्ग काढतात, चेतापेशींभोवती जमतात आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील पातळ आवरणाखाली पसरतात. म्हणजे रोगाचा आकार आणि त्याची वाट ही मेंदूच्या घडणीनेच ठरविलेली असते. अरिष्ट परके खरे, पण रस्ते घरचेच! याच शेररचे पुढील चरित्र मात्र खेदजनक आहे. महायुद्धाच्या काळात जर्मनीत परतल्यावर ब्रेस्लाऊ येथे त्याने नाझी व्यवस्थेने ठार केलेल्या मुलांच्या मेंदूंची तपासणी केली. १९४५ साली बाँबहल्ल्यात तो मरण पावला. त्याचे शास्त्रीय निरीक्षण खरे ठरले म्हणून या कलंकाचा विसर पडू देता येत नाही.

मेंदूची भूमी रोगाला नुसते रस्तेच देते असे नाही. ती त्याला तटबंदीही पुरविते. १८८५ साली पॉल एर्लिख याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा इतर सर्व इंद्रिये रंगली, मेंदू तेवढा कोरा राहिला. १९१३ साली त्याचा शिष्य एडविन गोल्डमान याने तसाच रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काही आडकाठी आहे, हे यावरून कळले. ती रक्तकेशिकांच्या भिंतीतील पेशींच्या घट्ट सांध्यांत आहे, हे १९६७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. विषापासून मेंदूचे रक्षण करणारी ही भिंत औषधालाही अडविते. गाठीच्या मध्यभागी ती खिळखिळी होते. पण कडेला, जेथे रोगाच्या पेशी निरोगी मेंदूत लपून बसतात, तेथे ती पुष्कळशी शाबूत असते. टेमोझोलोमाइड हे औषध ही भिंत बऱ्याच अंशी ओलांडते, म्हणूनच त्याला महत्त्व आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत किरणोपचाराला या औषधाची जोड दिल्यावर मध्यम आयुर्मर्यादा १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेली. वाढ अडीच महिन्यांची. परंतु दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १० वरून २६ च्या वर गेले, आणि ज्यांच्या घरी हा रोग शिरला त्यांना या आकड्यांचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

मग भूमीचे रखवालदार काय करीत होते? १९१९ साली स्पेनमधील पीओ देल रीओ ओर्तेगा याने मेंदूतील ‘मायक्रोग्लिया’ पेशींचा शोध लावला. मेलेले, कुजके ते वेचून मेंदू स्वच्छ ठेवणे हे त्यांचे काम. ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत या पेशी आणि रक्तातून आलेले त्यांचे भाऊबंद मोठ्या संख्येने आढळतात. पण तेथे ते शत्रूशी लढण्याऐवजी बहुधा त्याच्याच सेवेस लागतात. जखम भरून काढण्याचे जे रसायन ते एरवी स्रवतात, तेच गाठीच्या वाढीस खतपाणी घालते. इतर कर्करोगांत प्रतिकारशक्तीला जागे करणारे निव्होलुमॅब हे औषध येथे निष्प्रभ ठरले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढविले नाही. गाठीला रक्त पुरविणाऱ्या नव्या वाहिन्या रोखाव्यात, हा जूडा फोकमन याचा १९७१ सालचा विचार. त्यातून निघालेल्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाने सूज उतरली, रोगाची वाढ काही काळ थांबली; पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत एकूण आयुष्य मात्र लांबले नाही.

सर्वांत चकित करणारी गोष्ट अखेरीस उघडकीस आली. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड आणि जर्मनीतील हायडेलबर्ग येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले की, निरोगी चेतापेशी या रोगाच्या पेशींशी खरेखुरे सांधे जुळवितात. विचार, स्मृती, हालचाल यांसाठी मेंदूत जो विद्युत्संदेश धावतो, तोच या सांध्यांतून रोगाला वाढीची चेतना देतो. या नव्या दृष्टीबद्दल मिशेल मोन्ये आणि फ्रँक विंकलर यांना २०२५ सालचे मेंदूसंशोधनाचे ब्रेन पारितोषिक मिळाले. हे सांधे बंद पाडण्यासाठी अपस्मारावरील पेरँपॅनेल या जुन्या औषधाच्या चाचण्याही हाती घेण्यात आल्या. १८८४ सालच्या त्या शेतकऱ्याच्या झटक्यांनी वैद्यांना गाठीची जागा दाखविली होती. तसे झटके म्हणजे केवळ रोगाची खूण नव्हे, तर मेंदू आणि रोग यांच्यातील व्यवहाराचाच एक भाग असू शकतो, हे कळावयास सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली.

या इतिहासात पराभवांची संख्या विजयांहून अधिक आहे. परंतु प्रत्येक पराभवाने एक गोष्ट अधिक स्पष्ट केली: रोगाला मेंदूपासून सुटा मानून केलेला प्रत्येक हल्ला अपुरा पडला. शेतकरी बाधलेली जमीन नांगरून काढील, पडीक टाकील. येथे भूमी म्हणजे खुद्द तो माणूसच आहे. त्याची वाणी, त्याच्या आठवणी, त्याची माया याच मातीत रुजलेली आहे. ती नांगरता येत नाही. ती राखूनच, तिचा कल ओळखून, तिने रोगाला दिलेला आधार एकेक करून काढून घ्यावा लागेल. पॅजेटने सुचविलेले भूमीचे वाचन मेंदूत आता कोठे नीट सुरू झाले आहे.