नकाराचा अधिकार : ऐच्छिक पुनर्विम्याची कथा

विमा कंपनीलाही विमा उतरवावा लागतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. या व्यवहाराला पुनर्विमा म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. ‘ट्रीटी’ म्हणजे करारबद्ध पुनर्विम्यात ठरलेल्या वर्गातील प्रत्येक जोखमीचा हिस्सा आपोआप पुनर्विमा कंपनीकडे जातो. ‘फॅकल्टेटिव्ह’ म्हणजे ऐच्छिक पुनर्विम्यात एकेक जोखीम स्वतंत्रपणे मांडली जाते. देणाऱ्यावर देण्याचे बंधन नाही, घेणाऱ्यावर घेण्याचे नाही. माझ्यासारख्या सरकारी अधिकाऱ्याच्या भाषेत पहिला प्रकार म्हणजे अधिकारप्रदान, तर दुसरा म्हणजे प्रत्येक फाइल मंजुरीसाठी वर पाठवणे.

इतिहासात दुसरा प्रकार आधी अवतरला. १३७० साली जिनोआहून फ्लँडर्समधील स्लूइस बंदरापर्यंतच्या सागरी प्रवासाचा विमा उतरवला गेला. विमेकऱ्याने कादिझपर्यंतची जोखीम स्वतःकडे ठेवली आणि पुढचा अधिक धोक्याचा टप्पा इतरांकडे सोपवला. ज्ञात पुनर्विमा करारांत हा सर्वांत जुना मानला जातो. पुढे औद्योगिक युगात जोखमींची संख्या इतकी वाढली की एकेकीची वाटाघाट परवडेना. १८४२ च्या हॅम्बुर्गच्या आगीनंतर, १८४६ मध्ये, कोलोन येथे स्वतंत्र पुनर्विमा कंपनी स्थापन झाली. करारबद्ध पद्धत रूढ झाली, तरी ऐच्छिक पद्धत संपली नाही.

ती का टिकली, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका तेलशुद्धीकरण कारखान्याचा विमा १,००० कोटींचा आहे. कंपनी ५० कोटींची जोखीम स्वतःकडे राखते, करारांत ४५० कोटी सामावतात. उरलेल्या ५०० कोटींसाठी दारोदार विचारणा करावी लागते. पुनर्विमा कंपनी कारखान्याची पाहणी-अहवाल मागवते, अटी घालते, दर ठरवते किंवा नकार देते. हे होकार हाती येण्यापूर्वीच पॉलिसी दिली आणि आग लागली, तर ते ५०० कोटी मूळ कंपनीच्याच माथी बसतात.

भारताने या स्वेच्छेच्या जोडीला सक्तीचीही तरतूद केली. १९६१ पासून विमा कंपन्यांना ठरावीक हिस्सा देशातच पुनर्विम्यासाठी देणे बंधनकारक झाले. १९७२ मध्ये स्थापन झालेले भारतीय साधारण विमा निगम २००० मध्ये राष्ट्रीय पुनर्विमाकर्ता ठरले. त्या वेळी २० टक्के असलेला सक्तीचा हिस्सा २०२२-२३ मध्ये ४ टक्क्यांवर आला.

मला नकाराचा अधिकार उपयुक्त वाटतो. त्यामुळे कुणीतरी कारखाना डोळे उघडून पाहतो. परंतु सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जागतिक पुनर्विमा कंपन्यांनी दहशतवादाच्या जोखमीबाबत हात आखडता घेतला. तेव्हा भारतीय कंपन्यांना एप्रिल २००२ मध्ये आपला सामायिक निधी उभारावा लागला. बाजार नकार देऊ शकतो. म्हणूनच देशाने आपली पर्यायी व्यवस्था आधीच सज्ज ठेवायला हवी.