स्टीलपॅन

स्टीलपॅन हे कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटाचे वाद्य. तिथे त्याला नुसते ‘पॅन’ म्हणतात. ते घडले सरकारी बंदीमुळे.

आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचा कार्निव्हल चामड्याच्या ढोलांवर चाले. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवर मिरवणूकवाले आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. १८८४ च्या कायद्याने ब्रिटिशांनी ढोलांवर बंदी आणली. मग लोकांनी बांबू हाती घेतले. जाड नळा जमिनीवर आपटायचा, बारीक नळा काठीने वाजवायचा. या ‘टांबू बांबू’वरही पोलिसांची वक्रदृष्टी होतीच. शिवाय बांबू फुटत. १९३० नंतरच्या दशकात बिस्किटांचे आणि रंगाचे डबे वाजू लागले. बडवून बडवून पत्र्याला पोचे आले, आणि पोच्यागणिक सूर बदलतो हे वाजवणाऱ्यांच्या कानांनी टिपले.

शोधाचे श्रेय विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, नेव्हिल ज्यूल्स की एली मॅनेट यांचे, हा वाद जुना आहे. तो मिटवण्याची गरज नाही. गरीब वस्त्यांतल्या पोरांचे हे सामाईक काम आहे.

त्रिनिदादमध्ये तेलविहिरी होत्या, त्यामुळे ५५ गॅलनची पिंपे मुबलक मिळत; डब्यांची जागा त्यांनी घेतली. पिंपाचा तळ घणाने ठोकून वाडग्यासारखा खोल करतात. त्यावर स्वरांच्या जागा आखून छिन्नीने कडा उठवतात, पिंप हव्या उंचीवर कापतात, आगीवर तापवतात आणि मग छोट्या हातोडीने एकेक सूर लावतात. सूर लावण्याचे हे काम सर्वांत जोखमीचे. एक जागा ठोकली की शेजारची बिघडते. खोलगट तळ आणि टिपऱ्यांच्या टोकांना रबर, या दोन्ही सुधारणा मॅनेटच्या नावावर आहेत. अँथनी विल्यम्सने स्वरांची मांडणी अशी केली, की कोणत्याही स्वराला षड्ज मानले तर त्याचा मध्यम आणि पंचम त्याच्या दोन बाजूंना येतात. उंच सुरांच्या पॅनवर अनेक स्वर मावतात. खर्जाच्या अख्ख्या पिंपावर मात्र तीन-चारच, म्हणून एका वादकाभोवती सहा किंवा अधिक पिंपे असतात.

पॅन वाजवणाऱ्यांना बराच काळ गुंड समजले जाई. १९५१ मध्ये ‘टास्पो’ हा वाद्यवृंद फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी लंडनला गेला, त्यानंतर ही नजर बदलू लागली. १९६३ पासून कार्निव्हलमध्ये ‘पॅनोरामा’ स्पर्धा भरते. १९९२ मध्ये सरकारने पॅनला राष्ट्रीय वाद्य ठरवले, आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन जाहीर केला.