किरकोळ दुखणे आणि जालीम औषध



'रोगापेक्षा इलाज भयंकर' असे आपण सहज बोलून जातो. बोलण्यात थोडी अतिशयोक्ती असावयाचीच, असे धरून आपण ते सोडूनही देतो. परंतु जपानात १९५५ च्या सुमारास सुरू होऊन पुढची पंधरा वर्षे जे घडले, त्यात अतिशयोक्तीला जागाच राहिली नाही. पोट बिघडले म्हणून डॉक्टरकडे गेलेली सुमारे ११,००० माणसे पायांनी अधू झाली, त्यांतल्या कित्येकांची दृष्टी गेली, काही दगावली. ही कसली साथ आहे याचा शोध मोठमोठे पंडित घेत होते आणि तो शोध चालू असताना साथीचे जे कारण होते तेच रोग्यांना औषध म्हणून रोज दिले जात होते.

मी डॉक्टर नव्हे. कामगार-संघटनेचे काम करता करता रात्री जे वाचावयास मिळाले तेवढेच माझे शिक्षण. तेव्हा वैद्यकाच्या बारकाव्यांत मी शिरणार नाही. पण या प्रकरणात वैद्यकापेक्षा व्यवहार अधिक आहे, आणि व्यवहाराची थोडीफार समज आमच्या धंद्यात येतेच.

औषधाचे नाव क्लायोक्विनॉल. जपानी लोक त्याला किनोफॉर्म म्हणत. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरच्या सीबा कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ते जखमेवर लावण्याची भुकटी म्हणून बाजारात आणले. १९३४ साली त्याची पोटात घेण्याची गोळी निघाली. ती आवेवर होती, म्हणजे अमीबाच्या जंतूंनी होणाऱ्या मुरड्यावर, आणि त्या दुखण्याला तिचा काही उपयोगही होता. लगेच पुढच्या वर्षी अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी कळविले की हे औषध घेतलेल्या रोग्यांत मज्जातंतूंचे विकार दिसले. जपान सरकारने १९३६ मध्ये त्याची गणना जहाल औषधांत केली होती. पण १९३९ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, ते त्या यादीतून काढून टाकले. सैन्याला पोटाच्या औषधाची गरज होती. ती गरज संपल्यावरही यादी पुन्हा कोणी उघडून पाहिली नाही.

युद्धानंतर या गोळीचा खरा संसार सुरू झाला. आवेचे रोगी किती असणार? साधे जुलाब मात्र घरोघरी. म्हणून आवेची गोळी हळूहळू जुलाबाची झाली, मग अपचनाची झाली, मग प्रवासाला निघताना खबरदारी म्हणून घ्यावयाची झाली. आपल्याकडेही 'एन्ट्रोव्हायोफॉर्म' आणि 'मेक्साफॉर्म' ही नावे ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना आठवत असतील. भेळ खाऊन पोट बिघडले तरी मेक्साफॉर्म, आणि बिघडू नये म्हणूनही मेक्साफॉर्म. आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात गूळ-चहाच्या पुडीबरोबर ती सुटी मिळे. सीबा हे नाव मुंबईला परके नव्हते. गोरेगावला त्या कंपनीने उभारलेल्या संशोधन-केंद्राचे उद्घाटन १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले होते.

मग साथ जपानातच का? याचे उत्तर तेथील दवाखान्याच्या हिशेबात सापडते. जपानात डॉक्टरने औषध लिहून द्यावे आणि रोग्याने ते दुसरीकडून आणावे अशी रीत नव्हती. नाडी पाहणारा आणि पुडी बांधणारा एकच. १९६१ साली तेथे सर्व जनतेला आरोग्यविमा लागू झाला. मी स्वतः विम्याच्या बाजूचा माणूस आहे. आजारी माणसाने खिसा चाचपत दवाखान्याची पायरी चढावी हे मला मान्य नाही. पण त्या विम्यात डॉक्टरच्या सल्ल्याचे मोल थोडे आणि औषधाचे भरपूर होते. विम्याकडून मिळणारी औषधाची किंमत ठरलेली. कंपनीकडून ते औषध त्याहून स्वस्तात मिळे. मधला फरक दवाखान्याचा. 'दोन दिवस पेज प्या आणि पडून राहा' असे सांगणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नसे. गोळ्यांच्या तीन-चार पुड्या बांधणाऱ्याचे मात्र घर चाले. यात डॉक्टर लबाड होते असे मी म्हणत नाही. उक्त्या कामावर लावलेला कामगार नगांची संख्या वाढवतो, तेव्हा आपण त्याला लबाड म्हणतो काय? जसा दर तसे काम. म्हणून जपानात ही गोळी इतर देशांच्या मानाने मोठ्या मात्रेत आणि आठवडेच्या आठवडे दिली गेली.

रोगाची रीत अशी. प्रथम पोट दुखे, जुलाब होत. काही दिवसांनी तळपायांना मुंग्या येत, बधिरपणा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आणि तेथून कमरेपर्यंत चढे, पाय लटपटू लागत. पुढे काहींच्या डोळ्यांपुढे अंधार येई. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांतील नौकांच्या शर्यती ज्या तोदा गावी व्हावयाच्या होत्या, तेथेच रोगी निघाले आणि सरकारची झोप उडाली. त्याच सुमारास डॉक्टरांनी रोगाला एक लांबलचक नाव दिले. त्याची आद्याक्षरे जुळवून 'स्मॉन' हा शब्द रूढ झाला.

रोग संसर्गाचा असावा अशी बहुतेकांची खात्री होती, आणि ती अगदीच वेड्यासारखी नव्हती. रोगी एका गावात, एका इस्पितळात, कधी एका घरात निघत. डॉक्टर, परिचारिका आणि त्यांच्या घरची माणसेही आजारी पडत. आता याचा उलगडा सोपा वाटतो: ज्या इस्पितळात गोळी जास्त दिली जाई तेथे रोगी जास्त, आणि इस्पितळातल्या माणसांना ती हाताशी होती म्हणून त्यांना रोग. पण जंतू शोधावयाचा असे एकदा ठरले की कपाटातल्या बाटलीकडे नजर जात नाही. १९७० च्या आरंभी क्योतो विद्यापीठातील एका संशोधकाने स्मॉनचा विषाणू सापडल्याचे जाहीर केले आणि वर्तमानपत्रांनी ते ठळक छापले. परिणाम काय झाला असेल याची कल्पना आपल्यापैकी ज्यांनी गावात महारोग्याचे हाल पाहिले असतील त्यांना करता येईल. शेजाऱ्यांनी बोलणे सोडले, सोयरिकी मोडल्या, आणि कित्येक रोग्यांनी आत्महत्या केल्या. तो विषाणू पुढे कोणाला सिद्ध करता आला नाही.

या साऱ्यात मला सर्वांत भीषण वाटते ती गोष्ट निराळीच. ही गोळी स्वतःच पोटात कळा आणू शकत असे. कळा वाढल्या की डॉक्टर म्हणे, रोग जोरावर आहे. आणि गोळी वाढवी. गोळी वाढली की कळाही वाढत. अशा फेऱ्यात रोगी महिनोन् महिने फिरत राहिला. त्याने शंका काढली असती तरी कोणाजवळ? त्याला बरे करण्याची धडपड करणाराच समोर बसलेला.

सुटका झाली ती एका रंगामुळे. स्मॉनच्या रोग्यांची जीभ हिरवी पडते हे डॉक्टरांनी पूर्वीच पाहिले होते, पण ते तसेच राहिले होते. १९७० साली काही रोग्यांची लघवी हिरवी झाली. टोकियो विद्यापीठातील तामुरा यांनी ती तपासली, आणि त्यातला हिरवा पदार्थ म्हणजे लोहाशी संयोग पावलेले क्लायोक्विनॉलच निघाले. निईगाता येथील मज्जातंतुतज्ज्ञ त्सुबाकी यांनी हा धागा उचलला. त्यांनी कोणते मोठे यंत्र वापरले नाही; रोग्यांनी काय काय औषधे घेतली होती याची विचारपूस केली. बहुतेक सर्वांनी ही गोळी घेतली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी हे बोलून दाखविले, सप्टेंबर १९७० मध्ये सरकारने विक्री थांबविली, आणि नवे रोगी पाहता पाहता थांबले. पंधरा वर्षे न हटलेली साथ औषध बंद होताच ओसरली.

कंपनीचे म्हणणे असे होते की हे औषध आतड्यातून रक्तात शोषलेच जात नाही. लघवी हिरवी दिसल्यावर या म्हणण्यात काय उरले, ते श्रोत्यांनीच ठरवावे. रोग्यांनी संघटना बांधल्या आणि सरकार, सीबा-गायगी, ताकेदा व तानाबे या साऱ्यांना कोर्टात खेचले. १९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने रोग्यांच्या बाजूने निकाल दिला. १९७९ मध्ये औषधांच्या दुष्परिणामांची भरपाई देणारा निधी कायद्याने उभा राहिला आणि औषधांचा कायदाही कडक झाला. स्वीडनमधील ओले हॅन्सन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने तर हे औषध घेतल्यावर एका लहान मुलाची दृष्टी गेल्याचे १९६६ सालीच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. त्याने पुढे आपल्या देशातील डॉक्टरांना त्या कंपनीच्या मालावर बहिष्कार घालावयास लावले. तेव्हा कोठे १९८५ मध्ये कंपनीने ते पोटातले औषध जगभर थांबविले. जपानी बंदी १९७० ची, हे ध्यानात घ्या. मधली पंधरा वर्षे इतर देशांत विक्री चालू होती. आपल्याकडे साथ म्हणावी असे झाले नाही. परंतु मुंबईचे विख्यात मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी येथे आढळलेल्या अशा रोग्यांविषयी लिहून ठेवले आहे.

आणि जुलाबावरचा खरा इलाज? जपानात दाव्यांची तयारी चालू होती त्याच १९७१ साली, बंगालच्या सरहद्दीवर बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी उसळली होती. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून वाटावयास सुरुवात केली. शेकडा तीसच्या घरातले मृत्यू शेकडा चारच्या खाली आले. पटकीसारख्या दुखण्यात जे पाणी पुरे पडले ते भेळेने बिघडलेल्या पोटाला पुरणार नाही काय? पण मीठ-साखरेच्या पाण्याची जाहिरात करावयास विक्रेता दारोदार कशाला हिंडेल?

हा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. आपल्या सरकारने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत सर्दी-खोकल्याची किती तरी होती. कंपन्या कोर्टात गेल्या, बंदी उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयातून पुन्हा तज्ज्ञांकडे आले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने बंदी आली. सर्दी विषाणूंनी होते आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारीत नाही हे शाळेच्या पुस्तकात आहे. तरी नाक गळावयास लागले की आपण ते मागतो.

आपण का मागतो, हे मला कारखान्याच्या दारात उभे राहून दिसते. ताप आलेला कामगार डॉक्टरला म्हणतो, "साहेब, एक सुई मारा, रात्रपाळीला जायचंय." सुशिक्षित मंडळी याला अडाणीपणा म्हणतात. मला त्यात हिशेब दिसतो. ताप तीन दिवसांत आपोआप उतरेल हे त्यालाही ठाऊक असते; तीन दिवसांची मजुरी कोण देणार हे ठाऊक नसते. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. त्यात आजारपणाचा भत्ता होता, पण दुखण्याचे पहिले दोन दिवस 'प्रतीक्षेचे' म्हणून बिनभत्त्याचे ठेवले. पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर गोष्ट वेगळी. मोठ्या आजाराला हा कायदा खरोखर उपयोगी पडला आहे, ते मी नाकारीत नाही. परंतु किरकोळ दुखणे असते किती दिवसांचे? दोनच. आणि कंत्राटी मजुराला कागदावर विमा असूनही हातात चिठ्ठी नसते, ती गोष्ट आणखी निराळी.

म्हणून आमच्या मागणीपत्रकात एक कलम मी नेहमी घालतो: वर्षातून काही दिवस, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, भरपगारी आजारी रजा. चिठ्ठी मागितली की दवाखाना आला आणि दवाखाना आला की पुडी आली, म्हणून चिठ्ठीशिवाय. एका वाटाघाटीत मालकाच्या बाजूचे गृहस्थ मला म्हणाले, "अहो, एवढ्यातेवढ्याला रजा कशाला? एक गोळी घेतली की माणूस उभा राहतो." मी त्यांना जपानची ही सारी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, आणि ते कलम पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवले.