२२ जानेवारी १८९८ : वर्णपटाचा ग्रहणमेळा

२२ जानेवारी १८९८ रोजी, खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी, मध्यान्हीच्या सुमारास कोकणपट्टीत शिरलेली चंद्राची छाया ईशान्येकडे धावत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी आणि वर्धेजवळचे पुलगाव ओलांडून गेली, तेव्हा त्या वाटेवर देशोदेशींचे वर्णपटशास्त्रज्ञ आपापली यंत्रे रोखून सज्ज होते. सूर्यप्रकाशातून हेलियमचा माग काढणारे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास होते; जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ होता, आणि एतद्देशीय विद्वानाने स्वतःच्या अधिकारात चालविलेल्या त्या मोहिमेचे मोल मला सर्वांहून अधिक वाटते.

सूर्यबिंब पुरते झाकले जाण्याच्या क्षणी वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी उजळतात. छिद्रपट्टी नसलेल्या लोलक-कॅमेऱ्यात तर सूर्याची उरलेली कोरच प्रत्येक वर्णरेषेगणिक एकेक तेजस्वी चाप होऊन उमटते, आणि त्या चापांच्या स्थानांवरून, चिमूटभरही पदार्थ हाती न घेता, तेथील द्रव्यांचे पृथक्करण करता येते. तळणीस जॉन एव्हरशेड यांनी टिपलेल्या अशा छायाचित्रांत जंबुपार भागापर्यंतचा तपशील उतरला. पुढे हेच गृहस्थ कोडाईकनाल वेधशाळेत रुजू झाले.

ग्रहणाच्या या वाटेपासून दूर राहिलेला आजचा गडचिरोली मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात मोडत असे. खग्रासाचा पट्टा उत्तरेकडून गेल्याने तेथील अरण्यात ग्रहण खंडग्रासच दिसले, वेधांच्या जागा मात्र इतर जिल्ह्यांच्या वाट्यास आल्या.